आत्याच्या ट्रंकेत हस्तिदंताच्या सोंगट्या निघाल्या, आता काय करायचं?

आत्या गेली त्याला दोन वर्षं झाली. तेरावं उरकल्यावर वाईच्या घरातली लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी खणाच्या कापडात गुंडाळलेला सारीपाट निघाला. पंधरा सोंगट्या, दोन लांबट फासे, एक फणी आणि कुंकवाचा करंडा. सगळं जुन्या तुपासारखं पिवळसर. चुलतभाऊ म्हणाला, "अस्सल हस्तिदंत आहे, लाखांत जाईल." वहिनी म्हणाल्या, "अहो, पोलीस धरतात म्हणे. गुपचूप विहिरीत टाकून द्या." दोघांचंही चुकत होतं, पण तेव्हा ते मलाही माहीत नव्हतं. पुढे वर्षभर जे शिकत गेलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे, म्हणजे ज्यांच्या घरात अशी ट्रंक उघडायची आहे त्यांना चाचपडावं लागणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात ठेवा. भारतात वाडवडिलांकडून आलेली हस्तिदंताची वस्तू जवळ बाळगता येते, पण त्यासाठी वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र लागतं. आणि प्रमाणपत्र असलं तरी ती विकता येत नाही. वस्तू शंभर वर्षं जुनी असो की तीनशे, पेशवाईतली असो की सत्तर साली मुंबईच्या दुकानातून घेतलेली, विक्री बंद म्हणजे बंद. पुढचं सगळं या दोन वाक्यांतूनच निघतं.

आपल्या घरांत हस्तिदंत कुठे कुठे असतो

लोक "आमच्याकडे कसला हस्तिदंत" म्हणतात आणि तो समोर भिंतीवर टांगलेला असतो. फण्या, बांगड्या, करंडे, काठीच्या आणि कट्यारीच्या मुठी, बुद्धिबळाची प्यादी, देव्हाऱ्यातला बोटभर उंचीचा बाळकृष्ण हे सगळं त्यात आलं. जुना तंबोरा किंवा सतार असेल तर तारा सुरात आणायला सरकवतात ते मणी, घोडी आणि भोपळ्याच्या कडेची नक्षी नीट बघा. हल्लीच्या वाद्यांवर ते काम हाडाचं किंवा प्लॅस्टिकचं असतं, पण आजोबांच्या काळच्या तंबोऱ्यावर ते हस्तिदंताचं असू शकतं. मुंबईतल्या आणि गोव्यातल्या जुन्या पियानोंच्या पांढऱ्या पट्ट्यांवर हस्तिदंताचा पातळ पापुद्रा असे. तो बहुधा दोन तुकड्यांत चिकटवलेला असतो आणि पट्टीवर आडवा बारीक सांधा दिसतो.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि सुरतेत सादेली कामाच्या पेट्या होत असत. हस्तिदंत, हाड, चंदन, आबनूस आणि कथलाच्या काड्या एकत्र बांधून त्यांचे चांदण्यांसारखे दिसणारे आडवे पातळ काप काढायचे आणि ते लाकडावर चिकटवायचे, असं ते काम. इंग्रज त्यांना 'बॉम्बे बॉक्स' म्हणत. कितीतरी घरांत अशी पेटी अजून शिवणाचं सामान ठेवायला वापरतात. गोव्यात तर सोळाव्या-सतराव्या शतकांत हस्तिदंतातून ख्रिस्तमूर्ती कोरायची मोठी परंपरा होती. मेंढरांसोबत बसलेला बाल येशू, म्हणजे 'उत्तम मेंढपाळ', ही त्यातली सगळ्यात ओळखीची मूर्ती. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाच्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हे काम बघायला मिळतं, आणि जुन्या घरांच्या ओरातोरींत, म्हणजे ख्रिस्ती घरांतल्या देव्हाऱ्यांत, असा एखादा क्रूस अजूनही पूजेत असतो.

पहिल्या दिवशी काय करू नये

फोटो काढून 'किंमत सांगा' म्हणून कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. विक्रीसाठी पुढे करणं हासुद्धा गुन्हाच आहे, प्रत्यक्ष पैसे हातात पडायची वाट कायदा बघत नाही. जुन्या बाजारात किंवा सोनाराकडे "जरा दाखवून आणतो" म्हणून वस्तू खिशात घालून जाऊ नका. पॉलिश करायला, तुटलेली कड जोडायला म्हणून कारागिराकडे टाकू नका, कारण कागद नसलेली वस्तू त्याच्या हातात गेली की तोही अडचणीत येतो. टाकून देऊ नका, जाळू नका.

आणि तापलेली सुई टोचून बघू नका. हा उपाय सगळे सांगतात. खऱ्या हस्तिदंतावर त्याने कायमचा डाग पडतो, आणि वस्तू सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची, निघाली तर ती भसकन पेट घेते.

मग आधी ओळखायचं कसं

सकाळच्या उन्हात बसा आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीकडे असतं तसं. वस्तूची लांब बाजू बघू नका, आडवा काप जिथे दिसतो ते टोक बघा. मी फासा उभा धरून त्याचं टोक भिंगाखाली घेतलं तेव्हा पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. फासा हळूहळू फिरवला आणि एका कोनात उजेड पडल्यावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी उमटली, बांगडीवरच्या कोरीव कामासारखी बारीक. या श्रेगर रेघा. हत्तीच्या आणि मॅमथच्या (हत्तीचा नामशेष झालेला केसाळ भाऊबंद) सुळ्यांखेरीज दुसऱ्या कशात त्या अशा दिसत नाहीत. वस्तूच्या कडेच्या भागात या रेघांमधला कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर हत्ती, ९० अंशांहून लहान असेल तर मॅमथ, असा ढोबळ आडाखा आहे.

करंडा मात्र वेगळा निघाला. त्याच्या बुडाला जाळी नव्हती. बारीक तपकिरी ठिपके होते आणि बाजूवर त्याच ठिपक्यांच्या रेघोट्या झालेल्या. ते हाड. हाडातून रक्तवाहिन्या जातात, त्यांच्या नळ्यांच्या खुणा तशा राहतात. म्हणजे ज्या करंड्यावरून घरात सगळ्यात जास्त कुजबुज झाली, तो हस्तिदंताचा नव्हताच.

सेल्युलॉइड किंवा प्लॅस्टिक असेल तर रेघा एकाच दिशेने, शाळेच्या वहीसारख्या समान अंतरावर असतात. कधी साच्याची शिवण दिसते. सेल्युलॉइड बोटाने जोरात घासलं तर कापराचा पुसट वास येतो, कारण ते करताना त्यात कापूर घालतात.

अशी तपासणी फक्त तुमच्या स्वतःच्या अंदाजासाठी आहे. शंका राहिली तर वस्तू हस्तिदंताची धरूनच पुढे चला. शेवटचा शब्द वनखात्याचा आणि प्रयोगशाळेचा. आणि कुणी "हा मॅमथचा आहे, नामशेष प्राण्याचा, याला कायदा लागत नाही" असं सांगून काही विकायला आला तर दार लावून घ्या. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने बलराम कुमावत खटल्यात मॅमथचा दातही बंदीत येतो असा निकाल दिला आहे.

कायदा इथपर्यंत कसा आला

हे थोडं समजून घ्यावं लागतं, कारण तुमच्या कागदावरची तारीख कुठल्या टप्प्यात पडते यावर पुष्कळ अवलंबून असतं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. त्यात हत्ती १९७७ मध्ये पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या रांगेत. १९८६ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांच्या अवयवांचा आणि वस्तूंचा व्यापार देशात बंद झाला. तरीही आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचं काम चालू होतं, आणि "हा आफ्रिकेचा आहे" या एका वाक्याखाली इथल्या हत्तींचे सुळेही खपत होते. सुळ्यांवर देश लिहिलेला नसतो. १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेला हस्तिदंतही बंद केला. व्यापारी न्यायालयात गेले, आमचा साठा कायदेशीर आयातीचा आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळून बंदी कायम ठेवली.

त्याच २००३ सालात सरकारने एक शेवटची संधी दिली होती. १८ एप्रिलला नियम निघाले आणि ज्यांच्या घरात अशा वस्तू नोंदीशिवाय पडून होत्या त्यांना जाहीर करायला १८० दिवसांची मुदत मिळाली. आपल्याकडची बरीचशी जुनी प्रमाणपत्रं याच सुमाराची आहेत. ती मुदत त्या वर्षीच्या ऑक्टोबरात संपली.

या बंदीने कारागिरांच्या पोटावर पाय आला हे खरं आहे आणि ते लपवू नये. मुर्शिदाबादचे कोरीवकाम करणारे चंदनाकडे आणि शोल्याकडे (एका पाणवनस्पतीचा हलका पांढरा गाभा) वळले, दिल्लीतले उंटाच्या हाडाकडे. पिढ्यानपिढ्यांचा हात होता त्यांचा. पण दुसरी बाजूही बघा. सुळ्याचा साधारण एक तृतीयांश भाग हत्तीच्या कवटीत असतो, म्हणून पूर्ण सुळा हवा तर हत्ती मारावा लागतो. १९७९ मध्ये आफ्रिकेत सुमारे १३ लाख हत्ती होते, दहाच वर्षांत ते निम्म्याहून कमी झाले. तेव्हा कुठे १९८९ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे साइटीझच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत जागतिक व्यापारावर बंदी ठरली. आशियाई हत्तीत तर सुळे फक्त नरांना येतात, त्यामुळे शिकाऱ्यांनी नरच वेचून मारले. आज दोडामार्ग-तिलारीकडे आणि आजरा-चंदगड भागात रानहत्ती येतात. शेतकऱ्यांचं नुकसान होतं, भांडणं होतात, पण त्यांतला एखादा सुळेवाला टस्कर केळीच्या बागेशेजारून चालत जाताना ज्याने पाहिला आहे त्याला फणीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पायरी पहिली: कागद शोधा, वस्तू नंतर

कागद वस्तूसोबत असतोच असं नाही. आमचा निघाला तो विजेच्या बिलांच्या फायलीत, आतोबांच्या नावाचा, २००४ सालचा: 'सोंगट्या १६, फासे २, फणी १'. तो सापडेपर्यंत सत्तर दिवस गेले होते. कपाटातली प्रत्येक फाइल, बँकेचा लॉकर, मृत्युपत्र, वकिलाकडची कागदपत्रं बघा. 'मालकी प्रमाणपत्र', 'मुख्य वन्यजीव रक्षक' किंवा 'कलम ४२' असे शब्द दिसले तर तो कागद सोन्याच्या पावतीपेक्षा जपा. जुने फोटोही बाजूला काढा. आत्याच्या लग्नातल्या एका फोटोत सारीपाट मांडलेला आहे, आणि वस्तू घरात कधीपासून आहे हे दाखवायला तो उपयोगी पडला.

पायरी दुसरी: यादी करा

प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी, वजन, रंग, तडा, कोरीव काम लिहा. पांढऱ्या कापडावर, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. जितक्या आहेत तितक्याच लिहा. प्रमाणपत्रावर सोळा आणि हातात पंधरा असतील तर पंधराच लिहायच्या आणि एक सापडत नाही हे सरळ नोंदवायचं. संच पूर्ण दिसावा म्हणून बाहेरून एखादी सोंगटी आणून बसवण्याचा विचारही नको.

पायरी तिसरी: नव्वद दिवसांत जाहीर करा

प्रमाणपत्र ज्यांच्या नावे आहे ते गेले आणि वस्तू वारशाने तुमच्याकडे आली, तर ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ते जाहीर करायचं. कलम ४० मध्ये ही तरतूद आहे. बारावं-तेरावं, वारसनोंदी, बँकेची धावपळ यांत तीन महिने कसे जातात कळत नाही, म्हणून ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

महाराष्ट्रात मुख्य वन्यजीव रक्षक म्हणजे नागपूरचे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव). तुम्हाला नागपूरला खेपा घालायची गरज नाही, सुरुवात आपल्या भागातल्या उपवनसंरक्षक कार्यालयातून करा. कुठलं कार्यालय आपलं हे कळत नसेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारा.

अर्जासोबत जुन्या प्रमाणपत्राची प्रत, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा किंवा मृत्युपत्र, तुमची ओळखपत्रं, यादी आणि फोटो जोडा. अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. हे मी कळवळून सांगतो. मी पहिल्यांदा ज्या कार्यालयात गेलो तिथे एका माणसाने "असलं काही लागत नाही, घरीच ठेवा" म्हणून मला परत पाठवलं होतं. तोंडी उत्तराला काही अर्थ नाही. लेखी अर्ज आणि पोच, एवढंच पुढे तुमच्या बाजूने उभं राहतं, कारण या कायद्यात वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

आमच्या साखळीत एक कडी तुटलेली होती. आतोबा २०११ मध्ये गेले आणि आत्याने आपल्या नावाने काही केलंच नाही, तिला ते माहीतच नव्हतं. अर्जात ते जसं होतं तसं लिहिलं, सावरासावर केली नाही.

पायरी चौथी: पाहणी

वनखात्याचे लोक घरी येऊन वस्तू बघतात, मोजतात, पंचनामा करतात आणि वस्तूवर ओळखखूण करू शकतात. ती खूण घासून काढणं हा गुन्हा आहे, ती दिसायला वाईट दिसली तरी. ताबा कायदेशीर आहे असं अधिकाऱ्यांचं मत झालं तरच प्रमाणपत्र मिळतं, ते मागितलं म्हणून मिळत नाही. आम्हाला नव्या नावाचा कागद यायला वर्ष लागलं. सगळ्यांचं तसंच होईल असं समजू नका.

प्रक्रिया नीट होणं किती महत्त्वाचं असतं हे केरळमधल्या एका नामवंत अभिनेत्याच्या प्रकरणावरून दिसतं. २०११ च्या आयकर छाप्यात त्यांच्या घरी सुळे सापडले, पुढे राज्य सरकारने मालकी प्रमाणपत्रं दिली, आणि २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण त्यासाठी आवश्यक ती अधिसूचना राजपत्रात प्रसिद्धच झाली नव्हती. ओळखीने, मधल्या माणसाकडून, पैसे देऊन मिळालेल्या कागदाचं काय होईल याचा विचार यावरून करा.

कागदच नसेल तर

हा सगळ्यात अवघड भाग. पूर्वजांनी कधीच नोंद केली नसेल तर नव्वद दिवसांची तरतूद आपल्याला आपोआप वाचवेल असं धरून चालू नका. वन्यजीव कायद्याची माहिती असलेला वकील गाठा आणि त्यांच्या सल्ल्याने, वस्तू कधी आणि कुठे सापडली हे लिहून, स्वतःहून वनखात्याला कळवा. सरकारी मालमत्ता ठरणारी अशी वस्तू हाती आली तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकाऱ्याला कळवावं असं कायदा सांगतो, म्हणून इथे दिवस नाही, तास मोजायचे. वस्तू बहुधा जाईल. पण स्वतः कळवलेली वस्तू जाणं आणि छाप्यात सापडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून दंड किमान २५,००० रुपये.

त्याच ट्रंकेत वाघनखाचं लॉकेट, व्याघ्रचर्म किंवा हत्तीच्या केसाची अंगठी निघाली तर तिलाही हेच सगळं लागू होतं. केसाची अंगठी लोकांना निरुपद्रवी वाटते, सोनाराकडून सोन्यात बसवून घेतलेली असते. तीही हत्तीपासून केलेली वस्तूच आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

विकायचं नाही हे झालंच, पण 'विकणं' म्हणजे फक्त रोख पैसे नव्हेत. वाटणीत "तू सारीपाट घे, मी त्याबदली पाटल्या घेते" असा हिशेब मांडू नका, व्यापारी स्वरूपाचा कोणताही मोबदला चालत नाही. वाटणीपत्रात या वस्तूंसमोर रक्कम लिहू नये. घरातल्या कुणाला प्रेमाने द्यायची तर आधी वनखात्याला लेखी विचारा.

पुण्याहून हैदराबादला बदली झाली आणि वस्तू सोबत न्यायची, तर हलवल्यापासून ३० दिवसांत तिकडच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना कळवावं लागतं. मृत्युपत्रात वस्तूचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहा, आणि कागद कुठे ठेवला आहे ते घरात दोघांना तरी सांगून ठेवा.

मूर्ती किंवा कोरीव शिल्प शंभर वर्षांहून जुनं असेल तर दुसराही एक कायदा लागतो: पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, हाही १९७२ चाच, अमलात आला १९७६ मध्ये. हस्तिदंताची शिल्पं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागतात. ही नोंदणी आणि वनखात्याचं प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणून दुसरी माफ होत नाही.

आपल्याच्याने सांभाळणं होत नसेल तर? २०२२ च्या दुरुस्तीने सोय केली आहे. प्रमाणपत्र असलेला माणूस सात कामकाजाच्या दिवसांची नोटीस देऊन वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करू शकतो. मोबदला मिळत नाही, वस्तू राज्य सरकारची होते. संग्रहालयाला द्यायची इच्छा असेल तर आधी संग्रहालयाशी आणि वनखात्याशी पत्रव्यवहार करा, वस्तू घेऊन थेट दारात जाऊ नका.

सांभाळताना तेल लावू नका, पाण्यात भिजवू नका. हस्तिदंताच्या मूर्तीला दुधाचा अभिषेक घालू नका. पाणी आणि ऊब यांनी ती तडकते आणि हळदीचा डाग आत मुरतो. कायम अंधारात ठेवलेला हस्तिदंत पिवळा पडतो, कडक उन्हात तडे जातात. मऊ सुती कापडात, चुलीपासून आणि खिडकीपासून लांब ठेवा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी

भारतातून हस्तिदंत बाहेर न्यायचा नाही आणि बाहेरून आत आणायचा नाही. आजीची बांगडी हातात घालून विमानात बसणं हीसुद्धा निर्यातच. कार्यक्रमासाठी बाहेर जाणाऱ्या वादकांनी हस्तिदंताचं काम नसलेलंच वाद्य सोबत न्यावं.

तिकडेच घेतलेल्या वस्तूंना तिकडचा कायदा लागतो. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा, लागू झाला ६ जून २०२२ ला. जवळ बाळगणं, वारशाने घेणं, मोबदल्याशिवाय भेट देणं याला तिथे नोंदणी लागत नाही. विकायचं असेल तर मोजक्याच सवलती आहेत: १९४७ पूर्वीची वस्तू आणि हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी, किंवा १९७५ पूर्वीचं वाद्य आणि हस्तिदंत वीस टक्क्यांहून कमी, अशा. तेही नोंदणी करूनच. तिथल्या लिलावात घेतलेली सादेली पेटी विकताना ही टक्केवारी आकारमानावर मोजतात, त्यामुळे पातळ कापांच्या पेटीला आशा असते आणि अखंड कोरलेल्या पेटीला नसते.

अमेरिकेत केंद्राचा कडक नियम जुलै २०१६ पासून आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला वाट आहे, पण ती तितकी जुनी असल्याचा पुरावा मालकाने द्यायचा. शिवाय न्यूयॉर्क, न्यूजर्सी, कॅलिफोर्निया या राज्यांचे स्वतःचे, आणखी कडक कायदे आहेत. तिथे राहणाऱ्यांनी आधी राज्याचा नियम वाचावा.

सोळावी सोंगटी

प्रमाणपत्र येऊन महिना झाला असेल, बेळगावच्या चुलत बहिणीचा फोन आला. लहानपणी सुट्टीत आत्याकडे असताना तिने एक सोंगटी फ्रॉकच्या खिशात घालून नेली होती, ती तिच्या शिवणाच्या डब्यात सापडली. "उद्याच कुरियर करते," म्हणाली. तिला म्हटलं, थांब, तू काही करू नकोस, डब्यातच ठेव. यादीतली सोळावी सोंगटी दुसऱ्या राज्यात सापडल्याचं पत्र मी त्या आठवड्यात इकडच्या कार्यालयात दिलं, एक प्रत कर्नाटकच्या वनखात्याला रजिस्टर पोस्टाने पाठवली. दोन्हींच्या पोचपावत्या आतोबांच्या त्याच विजेच्या बिलांच्या फायलीत लावल्या आहेत.